देवघराशेजारची बादली

पुणे
२३ फेब्रुवारी २००१

बाळ्या,

पोचल्याचं पत्र टाकलं नाही म्हणून तू महिनाभर तोंड फुगवून बसला असशील. बस बे. इथं शेवटचं वर्ष आहे, जेवायला वेळ नाही.

संक्रांतीला आपण आठ दिवस खपून आमच्या घरात जी मशीन उभी केली, तिची गोष्ट मी होस्टेलात सांगितली तर पोरं हसायला लागली. पाण्यानं थंड होणारा कॉम्प्युटर, तोही युसूफ वडगावात, त्याला कूलरची मोटर आणि गवंड्याची लेव्हलची नळी. हसू दे त्यांना. नेटवर वाचून चित्र मी काढलं, आणि तू ते तांब्यात उतरवलंस. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात पंखा काय, गरम हवाच फिरवणार. बाकीच्या चारही जुन्या मशिनी हिच्याच जिवावर चालायच्या आहेत, म्हणून हिचा प्रोसेसर तापता कामा नये.

आता काम ऐक. रोज जाऊन मशीन चालू करायची आणि पडद्यावर टेंपरेचर बघून लिहून ठेवायचं. पन्नासच्या आत असलं तर उत्तम. साठच्या वर गेलं तर काहीतरी बिघडलंय. सत्तरला ती आपोआप बंद पडेल, तसं सेटिंग मी केलंय. बादलीत फक्त बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी, बोअरचं नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं आंघोळीचा साबण फेस देत नाही, ते प्रोसेसरवर फिरवलं तर आठ दिवसांत सगळी भोकं बुजतील.

अप्पांनी बाप म्हणून मला शब्द दिलाय. अक्षय तृतीयेला, बसव जयंतीच्या मुहूर्तावर कॉम्प्युटर शिकवायचं सेंटर सुरू. तोवर मशीन नीट चालली तर शिकवायच्या खुर्चीवर तू. बाळू सर. नाही चालली तर अप्पा सेंटरच गुंडाळतील, ते तुला माहीत आहेत. म्हणजे सगळं तुझ्या हातात आहे.

रुद्रेश


युसूफ वडगाव
१ मार्च २००१

रुद्र्या,

तुझं पत्र माझ्या बाला वाचायला दिलं. ‘बाळू सर’ एवढी ओळ त्यानं दोनदा वाचली आन एसटी डेपोच्या गाडीला गेला. आईनं दुसऱ्याच दिवशी केजच्या बाजारातून शर्टाचं कापड आणलं. मी म्हनलो, आगं आधी मशीन तर चालू दे. ती म्हनली, शिवायला येळ लागतो.

तर मशीनचं ऐक. सोमवारी जुनं पाणी काढून बॅटरीचं नवीन भरलं. दिवसभर सेहेचाळीस, हलली न्हाई. मी खूश. मंगळवारी सकाळी आलो, चालू केली, अर्ध्या तासात एकसष्ट. दुपारी सत्तर आन बंद. बुधवारी परत नवीन पाणी भरलं, परत सेहेचाळीस. आज परत बासष्ट. म्हंजी पाणी भरलं त्या दिवशी शहाणी, दुसऱ्या दिवशी येडी. कावून, ते मला कळंना झालंय.

बाला विचारलं. डेपोत मोडीत निघालेल्या जीपचा रेडिएटर त्यानंच अर्धा कापून आपल्याला झाळून दिला, त्यामुळं त्याला त्यातलं कळतं. तो म्हनला रेडिएटर गळत न्हाई, तू वरचं बघ.

काकू रोज चहा देतात. माझा गिलास दाराबाहेर वट्ट्यावरच्या कोनाड्यात असतो तिथंच हाय, मी घेतो, पितो, धुऊन पालथा घालतो. अप्पा रोज विचारतात, किती झालं रे आज. एकसष्ट म्हनलं की माझ्याकडं बघत बी न्हाईत.

तुझाच,
बाळू


पुणे
६ मार्च २००१

बाळ्या,

तू आयटीआयमध्ये दोन वर्षं काय केलंस रे? म्हशी राखल्यास?

पहिलं म्हणजे पेस्ट. प्रोसेसर आणि तांब्याचा ठोकळा यांच्या मध्ये जी पांढरी पेस्ट लावायची ती तू भाकरीवर लोणी थापतात तशी थापली असशील. सगळी पुसून काढ. मोहरीएवढा ठिपका घे आणि बोटानं पातळ पसर. दुसरं, नळीत बुडबुडा अडकला असेल. मोटर चालू ठेवून नळी दाबत दाबत पुढं सरकव, बुडबुडा बादलीत येऊन फुटतो. तिसरं, बादलीतलं पाणी उडून कमी होत असेल आणि मोटर उघडी पडत असेल. बादलीला आतून खूण कर आणि पाणी खुणेच्या खाली जाऊ देऊ नकोस.

ही तीन कामं पोरगंसुद्धा करतं. करून कळव. आणि अप्पांसमोर एकसष्ट-बासष्ट बोलत बसू नकोस, त्यांना पन्नासच सांग. मला त्यांचं पत्र आलंय, ‘तुझ्या मित्राला जमेल असं दिसत नाही.’ मी तुझी बाजू घेऊन लिहिलं. किती दिवस घेऊ?

रुद्रेश


युसूफ वडगाव
१२ मार्च २००१

रुद्र्या,

तिन्ही कामं केली. पेस्ट मी पयल्या दिवशीच मोहरीएवढी लावलेली होती, तरी पुसून परत लावली. बुडबुडे काढले. खूण करायला माहेराला आलेल्या वनितेचं नेलपॉलिश आणलं, ती घरी बोंबलत बसलीय.

आता गंमत ऐक. शुक्रवारी बरोबर खुणेपर्यंत पाणी भरलं. शनवारी बघतो तर पाणी खुणेच्या वर चार बोटं. पाणी उडून कमी होतं हे मी शिकलोय. वाढतं हे पयल्यांदाच बघितलं. आन नळीत हे एवढाले बुडबुडे, कुणी मोटर चालू असताना बादली रिकामी केल्यासारखे.

आनखी एक. ठोकळा उघडला. मी हातानं पाडलेली छत्तीस भोकं हायेत त्याला, तुला आठवत असंल, माझ्या तळहाताला फोड आलते. त्यातली निम्मी बुजली. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून थर बसतो तसला पांढरा थर. लिंबू घालून उकळून काढला. बॅटरीच्या पाण्यानं असा थर बसत न्हाई, बाला विचार न्हाईतर कुणालाबी विचार.

मला जे वाटतंय ते मी लिहीत न्हाई. तू हुशार हायेस, तूच सांग.

बाळू


पुणे
१७ मार्च २००१

बाळू,

मी हुशार आहे, म्हणून सरळ विचारतो. बॅटरीच्या पाण्याचे कॅन जातात कुठं?

तूच लिहितोस, थर बॅटरीच्या पाण्यानं बसत नाही. मग बादलीत बॅटरीचं पाणी नाहीच. आमच्या दुकानातून तुला दर आठवड्याला दोन कॅन मिळतात. ते डेपोत तुझ्या बापाच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत जातात आणि आमच्या बादलीत हापशाचं येतं, असं अप्पा म्हणत होते. मी त्यांना गप्प केलं. पण तुझं पत्र वाचून मलाही दुसरं काही सुचत नाही. पाणी वाढतं म्हणे. तुमच्याकडं पाणी वाढत असेल, आमच्याकडं नाही वाढत.

राग येऊ देऊ नकोस. खरं असेल तर सांगून टाक, मी मिटवतो. खोटं असेल तर सिद्ध कर. कॅन फोडल्यावर बादलीत चिमूटभर नीळ टाक, कपड्यांना घालतात ती. पाणी निळं होईल. कुठं गळत असेल तर तिथं निळा डाग दिसेल. आणि दुसऱ्या दिवशी पाणी निळं राहिलं तर मी मानेन की तू बादलीत टाकतोस ते बादलीतच राहतं.

रुद्रेश


युसूफ वडगाव
२३ मार्च २००१

रुद्रेश,

तुझं पत्र बाला दाखवलं न्हाई. चोवीस वर्षं त्यानं डेपोत काढली, एक नट घरी आणला न्हाई. त्या रेडिएटरची बी पावती हाय त्याच्याकडं. हे मी तुला का सांगतोय. आपण चौथीपासून एका बाकावर बसलो. मला लई लागलं, एवढंच लिहितो.

नीळ टाकली. मंगळवारी सकाळी धा वाजता, तुझ्या बहिणीच्या, रुद्राणीच्या समोर. तिला विचार, पाणी निळंभोर झालतं. टेंपरेचर सेहेचाळीस. संध्याकाळी पाचला मी घरी गेलो तवा बी निळंच.

बुधवारी सकाळी बादलीत पाणी पांढरं स्वच्छ. खुणेच्या वर चार बोटं. टेंपरेचर त्रेसष्ट.

नळीला डाग न्हाई, ठोकळ्याला न्हाई, फरशीला न्हाई. म्हंजी गळालं न्हाई. मग मी मागल्या दारानं गेलो. तुमच्या मोरीच्या तोंडाशी निळं पाणी साचलेलं, त्याच्यावर माशा. काकू तुळशीपाशी बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या पातळाच्या काठाला निळा डाग. मी बघितलं ते त्यांनी बघितलं. म्हनल्या, चहा ठिवलाय रे बाळू.

मी कुणाचं नाव घेत न्हाई. घर तुझं हाय, तू विचार. आन माझ्या बापाबद्दल जे लिहिलंस त्याचं काय करायचं ते बी तूच ठरव.

बाळू


युसूफ वडगाव
३० मार्च २००१

चि. रुद्रेश यास आईचा आशीर्वाद,

मन्मथस्वामींच्या कृपेनं इकडं सगळे बरे हायेत. मी सांगते आन रुद्राणी लिहितीय. तुझं पत्र मिळालं. पाडव्याला तू न्हवतास, पुरणाचा घास गेला न्हाई.

तू इचारलंस म्हणून सांगते, न्हाईतर मी कशाला बोलले असते. होय, पाणी मीच बदलते. तुमी ती बादली कुठं ठिवली ते तुमाला कळलं का? देवघराला लागून. मधी नुसती फळी. माझी लिंगपूजा चालू असती आन पलीकडं त्यानं भरलेलं पाणी खळखळ खळखळ. मी दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी मला पूजा करवंना.

पोरगं लई चांगलं हाय. त्याचं काई न्हाई. वाकून चालतं, मान वर करून बोलत न्हाई. मी त्याला कदी टाकून बोलले न्हाई, इचार त्याला. म्हणून तर तो गेल्यावर बदलते, त्याच्या समोर न्हाई. त्याच्या जिवाला कशाला लावून घेयाचं. बोअरचं ताजं पाणी, दुपदरी फडक्यातून गाळून, काठोकाठ भरते. यंत्राला काय कळतंय पाणी कुणाचं. तुमीच काईतरी चुकीचं बसवलं असंल. ते निळं मात्र कुणी सांगितलंतं? देवघराच्या शेजारी त्यांच्या झेंड्याचं पाणी.

वट्ट्यावर ठिवलेली वस्तू मी धुऊनच आत घेते. हे माझ्या सासूपासून चालत आलंय, त्यात वावगं काई न्हाई. दुकानातनं आलेले कॅन सुदिक मी धुऊन घेते.

परीक्षा कदी हाय? खात जा.

तुझी आई,
सौ. नीलाबाई कल्याणराव

(दादा, हे खाली मी माझं लिहितीय, आईला सांगू नको. बाळूनं आईला पाणी ओतताना दारातून बघितलंय. आठ-दहा दिवसांपूर्वीच. तो तसाच परत गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅन घेऊन आला. रुद्राणी)


पुणे
५ एप्रिल २००१

बाळ्या,

दोष सापडला. तो काय होता ते आता उगाळत बसायला नको. कॅनबद्दल मी जे लिहिलं ते विसर, पत्रात माणूस रागात काहीही लिहितो.

उपाय सांगतो, सोपा आहे. ठोकळा उघडून एकदा पुन्हा साफ कर. त्यानंतर बादलीला तू हात लावायचा नाहीस. कॅन दुकानातून आला की बंद तसाच वट्ट्यावर ठेव. आई तो आत घेईल, फोडेल आणि स्वतःच्या हातानं बादलीत ओतेल. तू दारात उभा राहून खूण आली का ते सांग. आईनं भरलेलं पाणी आई कशाला बदलेल? म्हणजे बॅटरीचं पाणी टिकेल, थर बसणार नाही, बुडबुडे येणार नाहीत. मी आईला फोनवर तसं सांगितलंय, ती हो म्हणालीय.

मनावर घेऊ नको. आईचं वय झालंय, तिला आता कुणी बदलू शकत नाही. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेव. पाण्याबाबत तू आईला काहीही सांगायचं नाहीस. खूण आली की नाही, एवढंच. वाद नको, समजावणं नको, शहाणपण नको. तिला वाईट वाटलं तर अप्पा सेंटरच बंद करतील. पाण्याचं काही असलं तर मला पत्रानं कळव, मी तिला लिहीन. ही अट समज.

आपल्याला टेंपरेचरशी मतलब.

रुद्रेश


युसूफ वडगाव
१२ एप्रिल २००१

रुद्रेश,

तुझा उपाय लागू पडला. चार दिवस झाले, चव्वेचाळीस ते सेहेचाळीस. काल सलग पाच तास चालवली, बाहेर ऊन बेचाळीस होतं आन आत प्रोसेसर पंचेचाळीस. अप्पांनी स्वतः पडद्यावर बघितलं. पयल्यांदा हसले.

कसं चालतं ते सांगतो, तुला बघायला मिळणार न्हाई. काकू आंघोळ करून येतात. कॅन धुतात, पुसतात, फोडतात. मी उंबऱ्याच्या बाहेर चपला काढून उभा. पाणी खुणेला लागलं की मी म्हनतो, बास. परवा बुडबुडा अडकला. मी म्हनलो, काकू नळी दाबायला लागंल. त्यांनी दाबली, उलटीकडून. मी म्हनलो, उलटीकडून न्हाई, मोटरीपासून पुढं. त्यांनी केलं. बुडबुडा बादलीत फुटला. काकू स्वतःशी हसल्या आन म्हनल्या, गेला बघ. आमी दोघं बी एक क्षण खूश झालतो, खरं सांगतो.

मग मी इचार करत बसलो. ती नळी मी कापली. ठोकळा मी भोकला. खूण माझ्या बहिणीच्या नेलपॉलिशची. मोटर मी धुऊन बसवली आन काकू ती रोज हातात घेतात. ते सगळं चालतं. नुसतं पाणी चालत न्हाई. एकदा वाटलं काकूंनाच इचारावं. पण तू मना केलंयस, म्हणून इचारलं न्हाई.

मी कुणालाबी काही बोललो न्हाई. मला ती खुर्ची पायजे. तुला खोटं का सांगू, त्यासाठी मी उंबऱ्याबाहेर आनखी वर्षभर उभा राहीन. शर्ट शिवून आलाय, पांढरा. आई तो परवा चौदा एप्रिलला सुदिक घालू देत न्हाई, म्हनती जयंतीत गुलाल लागंल, सेंटरलाच घाल.

बाळू


पुणे
१८ एप्रिल २००१

प्रिय बाळू,

मशीनचं ऐकून बरं वाटलं. मला परीक्षेमुळं उद्घाटनाला येता येणार नाही.

एक गोष्ट सांगायची आहे, ती आडपडदा न ठेवता सांगतो. अप्पांनी विश्वेश्वरला बोलावलंय. माझ्या मामाचा मुलगा, लातूरचा. त्यानं तीन महिन्यांचा कोर्स केलाय. खुर्चीवर तो बसेल.

तू समजून घे. प्रवेशासाठी जे लोक येतायत ते व्यापाऱ्यांच्या घरचे आहेत, मुलीही आहेत. त्यांच्या आया अप्पांना पहिलं हेच विचारतात, सर कुणाचे. अप्पा काय सांगणार? त्यांचा तुझ्याबद्दल काही राग नाही. उलट ते म्हणाले, पोरगं कामाचं आहे, त्याला सोडायचं नाही. टेक्निकल बाजू सगळी तुझीच. विश्वेश्वरला ठोकळा म्हणजे काय तेही माहीत नाही, तू त्याला सावकाश शिकव.

सव्वीस तारखेला सकाळी सातला मागल्या दारानं ये, मशीन तपासून घे, टेंपरेचर बघ आणि पाहुणे यायच्या आत मोकळा हो. नऊला अप्पा आणि विश्वेश्वर फीत कापतील. जेवायला थांबायचं असेल तर थांब, मागं सोय आहे.

तू माझ्या जागी असतास तर तूही हेच केलं असतंस.

रुद्रेश


युसूफ वडगाव
२६ एप्रिल २००१, सकाळी आठ

श्री. रुद्रेश कल्याणराव यांस,

सांगितल्याप्रमाणे सातला मागल्या दारानं गेलो. पांढरा शर्ट घातला होता, आईला अजून काही सांगितलेलं न्हाई. काकू पूजेला बसल्या होत्या. विश्वेश्वर सर झोपले होते. मशीन चालू केली. चव्वेचाळीस. माझ्या वहीत शेवटचा आकडा तोच हाय.

मग बंद केली आन काम सुरू केलं.

ठोकळा काढला, तो माझा. रेडिएटर काढला, तो बाचा. ती दोन्ही मी घेऊन आलो. बाकी जे तुमचं हाय, पण ज्याला माझा हात लागलाय, ते सगळं एक एक करून सोडवलं. नळी, मोटर, पंखा. प्रोसेसर, त्याला तर मी बोटानं पेस्ट लावलती. मदरबोर्ड, मेमरी, हार्डडिस्क, वायरी, स्क्रू. बत्तीस स्क्रू हायेत, मोजून घ्या. काहीच घेतलं न्हाई, काहीच मोडलं न्हाई, एका वायरीला ओरखडा न्हाई. वट्ट्यावर कोनाड्यापाशी माझ्या गिलासाच्या शेजारी ओळीनं मांडून ठिवलंय. ज्या त्या वस्तूखाली कागद घातलाय, काय कुठं बसतं त्याचा. विश्वेश्वर सरांना वाचता येत असंल.

जागेवर पत्र्याचा रिकामा डबा हाय आन बादली. बादलीतलं पाणी काकूंचं हाय. खुणेला बरोबर हाय. त्याला मी हात लावला न्हाई.

बाळू कचरू


पुणे
३ मे २००१

बाळू,

तू काय केलंस ते तुला कळतंय का?

तुझं पत्र मला तीस तारखेला मिळालं. त्याच्या आधी अप्पांचा फोन होस्टेलवर आला होता, ते पंधरा मिनिटं नुसते ओरडत होते. आई पूजेवरून उठली, वट्ट्यावर गेली, तिनं सगळं बघितलं. पाहुणे यायला तास होता. तिनं मोठं घमेलं घेतलं आणि सगळं धुतलं. बोअरच्या पाण्यात निरमा घालून, काथ्यानं. मदरबोर्ड, हार्डडिस्क, मेमरी, एकेक. स्वच्छ धुऊन, पुसून, पाटावर ऊन लावून ठेवलं आणि मग विश्वेश्वरला आत घेऊ दिलं. त्यानं तुझे कागद वाचून कसंबसं जोडलं, दुकानातला पंखा लावला, आणि पाहुण्यांसमोर, फीत कापून झाल्यावर, बटण दाबलं. फट्ट आवाज आला आणि धूर. नेकनूरचे व्याही, बँकेचे साहेब, सगळे नाकाला रुमाल लावून बाहेर. काहीही वाचलं नाही. अप्पा चौकीत तक्रार द्यायला निघाले होते. तिथं कारण काय सांगायचं, म्हणून फाट्यावरून परत आले. आई दोन दिवस जेवली नाही. ती एकच बोलते, मी तर चांगलं धुतलं होतं.

तुला माहीत होतं ती धुणार. वट्ट्यावर ठेवलेलं ती धुऊनच आत घेते हे तू बारा वर्षं बघतोयस. तिथंच मांडलंस. प्रत्येक वस्तूखाली कागद घातलास, सगळं लिहिलंस. ‘याला पाणी लावू नये’ ही एक ओळ लिहायला तुझा हात मोडला होता का? आई तिथंच आत होती, हाक मारून सांगितलं असतंस तरी चाललं असतं.

अप्पा म्हणतात नवीन मशीन आणू. पुन्हा पाण्याचीच करावी लागेल, या उन्हात पंख्यानं भागत नाही, आणि ठोकळा तुझ्याकडं आहे. आई म्हणते बादली देवघरापासून लांब ठेवू. तू काय म्हणतोस ते कळव.

रुद्रेश


युसूफ वडगाव
८ मे २००१

श्री. रुद्रेश कल्याणराव यांस,

पत्र मिळालं. मी बाबरोबर डेपोत रेडिएटर झाळायला जातो. शर्ट वनितेच्या नवऱ्याला दिला. ठोकळा घरी हाय, आई त्याच्यावर लसूण ठेचती.

तू इचारलंस, काकूंना हाक मारून का सांगितलं न्हाई. सोबत तुझं पाच एप्रिलचं पत्र परत पाठवतोय. मधली ओळ वाच. पाण्याबाबत तू आईला काहीही सांगायचं नाहीस, पाण्याचं काही असलं तर मला पत्रानं कळव, ही अट समज. मी अट पाळली. एक दिवस मोडली न्हाई.

धुऊ नका, हे तुला कळवलं असतं. पण पुण्याला पत्र पोचायला तीन-चार दिवस लागतात, आन काकू आठ वाजताच धुवायला बसल्या.

बाळू कचरू